मुक्कामी स्वयंपाक

मुक्कामी स्वयंपाक : प्रवास, यात्रा, लष्करी मोहीम, मासेमारी, हंगामी मजुरी किंवा सहल यांनिमित्त घराबाहेर तात्पुरती वस्ती केली असता, बरोबर नेलेल्या अथवा त्या ठिकाणी मिळविलेल्या सामग्रीतून केलेला स्वयंपाक. घरी तयार करून नेलेल्या अन्नास शिदोरी व कच्च्या धान्यसामग्रीस शिधा म्हणतात. भाकरी, चटणी, कांदा, दशम्या, पोहे यांसारखी शिदोरी पहिल्या एकदोन दिवसांपुरती असते. मुक्काम त्याहून लांबला, की शिधा, पाणी, सरपण व भांडी या चारही गोष्टींची आगाऊ तरतूद करावी लागते. घरच्या स्वयंपाकात एखादी वस्तू संपली, तर ती शेजारून आणता येते. मुक्कामात, विशेषतः समुद्रावर, ती सोय नसते. म्हणून सामग्रीची मोजदाद हा या स्वयंपाकाचा पहिला व सर्वांत महत्त्वाचा भाग होय. पश्चिम किनाऱ्यावरील गलबतांवर स्वयंपाक करणाऱ्यास ‘भंडारी’ म्हणत. या शब्दाचा मूळ अर्थ भांडाराचा रक्षक असा आहे (रत्नागिरी जिल्ह्यातील भंडारी या जातीशी या हुद्द्याची गल्लत करू नये). शिधा राखणारा आणि अन्न शिजविणारा एकच, ही कल्पना या शब्दात आलेली दिसते.

शिध्याचे प्रमाण : माणशी किती अन्न लागेल, याचा विचार भारतात प्राचीन काळापासून झालेला आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठाराच्या अधिकाऱ्याची कर्तव्ये सांगताना पुरुषाच्या एका जेवणास एक प्रस्थ तांदूळ व त्याच्या चतुर्थांश सूप म्हणजे वरण असे प्रमाण दिले असून स्त्रियांसाठी त्यातील पाऊण व मुलांसाठी अर्धे प्रमाण सांगितले आहे. हे प्रमाण आजच्या आहारशास्त्रास धरून नसले, तरी डोकी मोजून, वय लक्षात घेऊन शिधा काढण्याची पद्धत त्यात स्पष्ट दिसते. तीच पद्धत पुढे लग्नघरात, यात्रेत व छावणीत चालू राहिली.

मराठ्यांच्या छावण्या : मुक्कामातील शिध्याचे महत्त्व सांगणारा एक उत्कृष्ट कागद रत्नागिरी जिल्ह्याशीच संबंधित आहे. चिपळूण प्रांतातील घोडदळाच्या छावणीतील अधिकाऱ्यांना शिवाजी महाराजांच्या वतीने सु. १६७३-७४ मध्ये लिहिलेले एक पत्र उपलब्ध आहे. पावसाळा पुरेल या हिशेबाने साठविलेले दाणे व वैरण आताच मनमानेल तशी खर्च केली, तर ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी मरतील आणि मग सैनिक रयतेच्या घरातून दाणे, भाकरी, गवत, सरपण व भाजी ओढून आणू लागतील. तसे झाल्यास रयत परागंदा होईल, असा इशारा त्यात दिला आहे. आगीबाबतची सूचनाही तेवढीच बारकाईची आहे. कोणी भलत्याच जागी चुली मांडील, कोणी तंबाखूसाठी विस्तव नेईल, उंदीर पेटती वात ओढून नेतील आणि गवताच्या गंजी पेटून सारी छावणी उघडी पडेल, याची जाणीव पत्रात करून दिली आहे. शिध्याचा हिशेब व चुलीची जागा या दोन्ही गोष्टी येथे राज्यकारभाराच्या बाबी झाल्या आहेत. शिवाजी महाराजांच्या लष्करात स्त्रिया बरोबर नेण्यास सक्त मनाई होती, असे सभासद बखरीत म्हटले आहे. त्यामुळे फौज हलकी राही व तिचा शिधाही मर्यादित असे.

पुढील शतकात ही शिस्त राहिली नाही. १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंच्या फौजेबरोबर सरदारांची कुटुंबे, यात्रेकरू, व्यापारी व नोकरचाकर असा मोठा समुदाय उत्तरेस गेला. ऑक्टोबरच्या अखेरीस फौज पानिपत येथे पोहोचली आणि पुढे तेथेच अडकून पडली. डिसेंबरमध्ये गोविंदपंत बुंदेले मारले गेल्यावर रसदीचा मोठा आधार तुटला. लढणारे थोडे व खाणारी तोंडे अधिक, अशी स्थिती होऊन माणसे व जनावरे उपाशी मरू लागली. १४ जानेवारी १७६१ रोजी दिलेली लढाई ही बऱ्याच अंशी उपासमारीतून बाहेर पडण्यासाठी दिलेली होती [⟶ पानिपतच्या लढाया].

वारीतील मुक्काम : शांततेच्या काळातील सर्वांत मोठा व दीर्घकाळ चालत आलेला मुक्कामी स्वयंपाक पंढरीच्या वारीत पाहावयास मिळतो. आळंदीहून निघणारा ज्ञानेश्वर महाराजांचा पालखी सोहळा हैबतबाबा आरफळकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आजच्या शिस्तीत आणला. सोहळ्यातील प्रत्येक दिंडी हा एक स्वतंत्र संसार असतो. वारकरी आपला वाटा पैशांच्या अथवा धान्याच्या रूपाने दिंडीकडे जमा करतात. स्वयंपाकाचे सामान पूर्वी बैलगाडीतून व आता मालमोटारीतून पुढच्या मुक्कामी आधी पोहोचते आणि चालणारे येईपर्यंत चुली पेटलेल्या असतात. मात्र भक्तीत समता मानणाऱ्या या समुदायातही पंगत दीर्घकाळ जातीनुसार वेगळी राहिली. इरावती कर्वे यांनी ‘वाटचाल’ या लेखात (परिपूर्ती, १९४९) एकाच दिंडीत ब्राह्मण व मराठा मंडळींचे स्वयंपाक व जेवण वेगवेगळे होत असल्याचे नोंदविले आहे.

पाणी व पंगत : घरात सोवळ्याचे नियम भिंतीआड पाळता येत, मुक्कामात ते उघड्यावर येत. पाणवठा कोणता, चूल कोणाची आणि ताटाला ताट लावून कोण बसणार, हे प्रश्न प्रत्येक मुक्कामी नव्याने उभे राहत. १९२७ मध्ये महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली भरलेल्या परिषदेत हे प्रश्न अत्यंत तीव्रतेने पुढे आले. गावातील पाणवठे अस्पृश्यांना बंद असल्याने मार्चमधील परिषदेसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. २० मार्च रोजी चवदार तळ्याचे पाणी प्राशन करून प्रतिनिधी परतल्यावर त्यांच्यावर हल्ला झाला आणि मंडपातील अन्न मातीत मिसळण्यात आले. डिसेंबरमधील दुसऱ्या परिषदेच्या वेळी स्थानिक व्यापाऱ्यांनी असहकार केल्यामुळे धान्यादी सामग्री बाहेरून आणावी लागली. रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या वि. दा. सावरकर यांनी याच सुमारास सहभोजनांचा उपक्रम हाती घेतला. १९३१ मध्ये भागोजीशेठ कीर यांनी बांधलेले पतितपावन मंदिर खुले झाल्यानंतर त्या उपक्रमास कायमचे ठिकाण मिळाले. कोकणातील या दोन्ही घटनांत ‘एकत्र जेवणे’ ही सोयीची नव्हे, तर हक्काची बाब होती.

मिरकरवाडा : रत्नागिरी शहरालगत, रत्नदुर्ग किल्ल्याच्या परिसरात मिरकरवाडा हे मासेमारी बंदर आहे. तेथील नौकांवर मुक्कामी स्वयंपाकाची परंपरा वेगळ्या रूपात आढळते. शिडाच्या लहान होड्या बहुधा त्याच दिवशी परतत. त्यामुळे तांदळाची अथवा नाचणीची भाकरी, सुक्या मासळीची चटणी व पाणी एवढी शिदोरी पुरत असे. मोठ्या गलबतांवर मात्र लाकडी पेटीत माती व वाळू भरून तीत चूल मांडीत. लाकडाच्या नौकेला विस्तवाची धग लागू नये व ठिणगी उडू नये, हा त्यामागील हेतू होता. स्वातंत्र्योत्तर काळात नौकांना यंत्रे बसली, मासळी बर्फात ठेवता येऊ लागली आणि समुद्रावरील मुक्काम काही दिवसांपर्यंत लांबला. चुलीची जागा आता गॅसच्या शेगडीने घेतली आहे.

तांडेल व खलाशी यांच्या जेवणात भात व कालवण हे मुख्य पदार्थ असतात. मासळी जाळ्यातून मिळते. तांदूळ, नारळ, मिरची-मसाला, मीठ, आमसूल, तेल आणि सर्वांत आधी गोडे पाणी बंदरातून न्यावे लागते. बांगडा, तारली यांसारखी तेलकट मासळी ताजी असतानाच शिजवितात. आमसुलाची आंबटाई व तिरफळाचा वास यांमुळे तिचा उग्रपणा कमी होतो. जाळ्यात मासळी न आल्यास डाळ, कांदा, बटाटा व सुकी मासळी उपयोगी पडते. लवकर नासणाऱ्या भाज्या आधी व टिकाऊ वस्तू शेवटी, हा क्रम येथे कटाक्षाने पाळावा लागतो. नौका हेलकावत असल्याने उभट, खोल पातेले घेऊन ते काठोकाठ भरीत नाहीत. कोकणात सर्वत्र प्रिय असलेली पेज अशा मुक्कामास विशेष सोयीची ठरते. तीत शिजविलेले पाणी वाया जात नाही आणि घामावाटे गेलेले पाणी व मीठ शरीरास परत मिळते. अलीकडे स्थानिक खलाशांबरोबर नेपाळमधून आलेले खलाशीही या नौकांवर काम करतात व एकाच पातेल्यातील भात खातात. पावसाळी मासेमारीबंदीच्या काळात नौका किनाऱ्यावर ओढल्या जातात आणि हा सागरी संसार काही काळ थांबतो.

कुटुंब व श्रम : नौकेवरील स्वयंपाक करणारा पुरुष खलाशांपैकीच एक असतो आणि त्याचे ते काम नौकेच्या कामाचाच भाग मानले जाते. ऊसतोड कामगारांच्या मुक्कामात स्थिती उलट आहे. मराठवाड्यातील बीड व लगतच्या जिल्ह्यांतून हजारो कुटुंबे दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांच्या परिसरात येऊन पाच-सहा महिने कोपीत राहतात. पतिपत्नींच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात व मजुरी तोडलेल्या उसाच्या वजनावर मिळते. पहाटेपूर्वी उठून पाणी आणणे, तीन दगडांच्या चुलीवर दिवसभराच्या भाकरी थापणे आणि नंतर फडात उतरणे हा स्त्रीचा दिनक्रम असतो. यांतील स्वयंपाकाच्या श्रमांची मोजदाद मजुरीत कोठेही होत नाही.

वनभोजन व सहल : कार्तिक महिन्यात आवळीच्या झाडाखाली करावयाचे आवळीभोजन, हिवाळ्यातील हुरडा आणि रायगड जिल्ह्यातील वालाच्या शेंगांची पोपटी ही हौसेच्या मुक्कामी स्वयंपाकाची रूढ उदाहरणे होत. स्वीडनमध्ये १८९२ मध्ये तयार झालेल्या प्रायमस स्टोव्हमुळे धूर व सरपण यांचा प्रश्न सुटला आणि कुटुंबासह तंबूत राहण्याची हौस जगभर वाढली. किनाऱ्यावरील दमट हवेत शिजलेला भात तासन्‌तास ठेवल्यास त्यात विषारी जंतूंची वाढ होऊ शकते. म्हणून एका जेवणापुरताच भात शिजविणे, पाणी उकळून घेणे, वाऱ्याची दिशा पाहून चूल मांडणे व निघताना विस्तव पाण्याने पूर्ण विझविणे आवश्यक ठरते. चिपळूणच्या छावणीस साडेतीन शतकांपूर्वी दिलेल्या सूचना यांहून फारशा भिन्न नव्हत्या. कौटुंबिक सहलीतही शिध्याची यादी करण्यापासून भांडी घासण्यापर्यंतची कामे बहुधा घरातील स्त्रीकडेच राहतात. नौकेवरील प्रथेप्रमाणे ती वाटून व मोजून घेतली, तरच सहलीची विश्रांती सर्वांच्या वाट्यास येते.