"नाही" आणि "माहीत नाही"

गेले दोन शनिवार इकडे काही लिहिलं नाही, त्याला कारण एक बग.

झालं असं की आमच्या कंपायलरमध्ये एक छोटं ऑपरेशन आहे: रांगेतला पुढचा आकडा काढून द्यायचा. प्रोग्राममध्ये ते लागोपाठ दोनदा आलं होतं. ऑप्टिमायझरने बघितलं, दोन्ही ओळी तंतोतंत सारख्या. मग दोनदा कशाला करायचं? त्याने दुसरी ओळ उडवली आणि पहिलीचंच उत्तर दोन्हीकडे वापरलं. रांगेतून एकच आकडा निघाला, तोच दोनदा मोजला गेला. क्रॅश नाही, एरर नाही, टेस्ट्स सगळ्या हिरव्या. फक्त उत्तर चूक.

तीन दिवस डोकं खाजवल्यावर चोर सापडला. "हे ऑपरेशन मेमरीत काय काय बदलतं?" असं विचारणारं एक फंक्शन होतं. नव्या ऑपरेशनबद्दल त्याला काहीच माहिती नव्हती, म्हणून ते रिकामी यादी परत देत होतं. आणि रिकामी यादी म्हणजे "काहीच बदलत नाही" असा अर्थ पुढचा कोड घेत होता. हे फंक्शन कोणी लिहिलं होतं? अस्मादिकांनीच! तेव्हा प्रायश्चित्त म्हणून म्हटलं, या प्रश्नाचा इतिहास तरी वाचून काढू.

आधी प्रश्न समजून घेऊ. समजा तुम्ही तिघं मित्र एका फ्लॅटमध्ये राहता. सकाळी फ्रिज उघडलात, अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी दिसली. संध्याकाळी चहाची तल्लफ आली. फ्रिज न उघडता "दूध आहे" असं धरून चालाल का? दिवसभर घराला कुलूप असेल तर चालेल. पण बाकी दोघांकडेही किल्ली आहे, आणि ते काय करून गेले ते तुम्हाला ठाऊक नाही. म्हणजे पुन्हा फ्रिज उघडणं आलंच. कंपायलरचंही हेच दुखणं. मेमरीतून वाचलेली किंमत रजिस्टरमध्ये धरून ठेवली तर प्रोग्राम पळतो. पण मध्येच एखादं अनोळखी फंक्शन येऊन गेलं तर ती किंमत जुनी झाली असू शकते. प्रत्येक वेळी पुन्हा वाचलं तर वेग जातो, आणि न वाचता गृहीत धरलं तर उत्तर चुकतं.

आयबीएमच्या जॉन बॅकस यांच्या चमूने १९५७ मध्ये फोर्ट्रान बाहेर काढला तेव्हा हा प्रश्न तितका टोचत नव्हता. त्यांची मोठी भीती वेगळी होती: हाताने लिहिलेल्या मशीन कोडपेक्षा आपला कोड फार हळू चालला तर लोक तोंडही लावणार नाहीत. म्हणून पहिल्याच कंपायलरमध्ये त्यांनी जोरदार ऑप्टिमायझेशन घातलं. पण त्या पहिल्या फोर्ट्रानमध्ये वेगळी कंपाइल होणारी, प्रोग्रामरने स्वतः लिहिलेली सबरुटीन नव्हतीच! ती आली १९५८ च्या फोर्ट्रान दोनमध्ये. आणि तिच्याबरोबर किल्ल्या वाटणं आलं.

फोर्ट्रानवाल्यांनी त्यावर काढलेला तोडगा मला फार आवडला. १९६६ च्या प्रमाणित फोर्ट्रानमध्ये नियमच आहे: सबरुटीनला दिलेले दोन पॅरामीटर जर एकाच जागेकडे बोट दाखवत असतील, तर त्यातल्या कुठल्याही एकामध्ये लिहायचं नाही. कंपायलर हे तपासत बसत नाही, नियम पाळण्याची जबाबदारी प्रोग्रामरची. थोडक्यात काय, तर "माहीत नाही" याचं "नाही" करून टाकायचं आणि तसा कायदा करायचा. आकडेमोडीच्या कामात फोर्ट्रान वर्षानुवर्षं सीला भारी पडत राहिला, त्यामागे हा कायदा हे एक मोठं कारण आहे.

दुसरी वाट म्हणजे माहिती काढणं. फ्रॅन्सिस ॲलन या बाई १९५७ मध्ये आयबीएममध्ये लागल्या त्या शिक्षणाचं कर्ज फेडण्यापुरत्या, आणि तिथल्या शास्त्रज्ञांना फोर्ट्रान शिकवायला. पुढे प्रोग्रामचा अभ्यास प्रोग्रामनेच कसा करायचा याचा पाया त्यांनी जॉन कॉक यांच्याबरोबर घातला. १९७४ मध्ये त्यांनी एका फंक्शनमधून दुसऱ्या फंक्शनमध्ये जाणाऱ्या माहितीच्या विश्लेषणावर पेपर लिहिला. २००६ चं ट्युरिंग पारितोषिक त्यांना मिळालं, ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. त्याच सुमारास, १९७१ मध्ये, थॉमस स्पिलमन यांनी पीएल/वन भाषेच्या कंपायलरसाठी साइड इफेक्ट शोधण्याची पद्धत मांडली. पीएल/वनमध्ये पॉइंटर होते, म्हणजे कोण कुठे हात घालेल याचा नेम नाही. मग १९७९ मध्ये जॉन बॅनिंग यांनी हे काम झटपट करण्याची रीत दाखवली. कल्पना साधी: प्रत्येक फंक्शनचे दोन संच काढून ठेवा, कुठल्या जागा ते बदलू शकतं आणि कुठल्या वाचू शकतं. एकदा काढले की फंक्शन पुन्हा उघडून बघायला नको.

पण यात एक मेख आहे. फंक्शनचा कोडच समोर नसेल तर? दुसऱ्या फाइलमध्ये असेल, लायब्ररीत असेल, पॉइंटरमार्फत बोलावलं असेल तर? तेव्हा एकच प्रामाणिक उत्तर उरतं: "सगळं बदललं असेल असं समजा."

सी भाषेत तर हे पदोपदी येतं. अ आणि ब असे दोन पॉइंटर घ्या. अच्या जागी ५ लिहिलं, बच्या जागी ७ लिहिलं, आता अच्या जागी काय आहे? दोघं वेगळ्या घरी असतील तर ५, एकाच घरी असतील तर ७. सीचं प्रमाणीकरण चालू असताना समितीने यावर "नोएलियस" नावाचा शब्द भाषेत घालायचं ठरवलं. पॉइंटरवर तो लावला की कंपायलरने बिनधास्त व्हायचं. मार्च १९८८ मध्ये खुद्द डेनिस रिची खवळले. त्यांनी लांबलचक पत्र लिहून दाखवून दिलं की या शब्दाची व्याख्याच धड नाही, आणि बरोबर चालणारे प्रोग्राम त्याने मोडतील. शब्द गेला! तीच गरज भागवणारा, जास्त नेटका "रिस्ट्रिक्ट" यायला १९९९ उजाडलं.

मात्र १९८९ च्या सी प्रमाणात दुसरा एक नियम शांतपणे बसला होता: इंटचा पॉइंटर आणि फ्लोटचा पॉइंटर एकाच जागी बोट दाखवत नाहीत असं कंपायलर धरू शकतो. दहा वर्षं कोणाला फारसं जाणवलं नाही. जुलै १९९९ मध्ये जीसीसी २.९५ आलं आणि ऑप्टिमायझेशन चालू केलं की हा नियमही आपोआप लागू होऊ लागला. भरपूर जुना कोड नियम मोडून लिहिलेला होता, तो गडबडला. ओरड इतकी झाली की त्याच वर्षी २.९५.२ मध्ये तो पर्याय आपोआप चालू होणं थांबवावं लागलं. नंतर ३.० मध्ये तो परत आला. लिनक्स कर्नल मात्र आजही हा नियम मुद्दाम बंद ठेवूनच कंपाइल होतो.

तुम्ही म्हणाल, कंपायलर अजून हुशार केला की संपलं! नाही हो. विल्यम लँडी यांनी १९९२ मध्ये आणि जी. रामलिंगम यांनी १९९४ मध्ये सिद्ध केलं की दोन पॉइंटर एकाच जागी जातात का, याचं अचूक उत्तर प्रत्येक प्रोग्रामसाठी देणारी रीत असूच शकत नाही. म्हणजे "माहीत नाही" हे उत्तर कायमचं. ते कमी करता येतं, संपवता येत नाही. कमी कसं करायचं यावर आपल्या पवईच्या आयआयटीतही भरपूर काम झालंय. उदय खेडकर, अमिताभ सन्याल आणि बागेश्री करकरे यांचं डेटा फ्लो ॲनॅलिसिसवरचं २००९ चं पुस्तक जाडजूड आहे, पण इच्छुकांनी जरूर चाळा.

आता परत माझ्या बगकडे. आम्ही एमएलआयआर वापरतो, जे २०१९ मध्ये खुलं झालं. त्यात कोणीही स्वतःची नवी ऑपरेशन्स बनवू शकतो, त्यामुळे अनोळखी पाहुणे रोजचेच. तिथे ऑपरेशनच्या परिणामांची यादी मागितली की उत्तर तीन प्रकारचं असू शकतं: भरलेली यादी, रिकामी यादी, किंवा यादीच नाही. रिकामी यादी म्हणजे "मी कशाला हात लावत नाही" असं ऑपरेशनने स्वतः सांगितलंय. यादीच नाही म्हणजे त्याने काही सांगितलेलंच नाही, तेव्हा त्याला हलवू नका, उडवू नका. मी माझ्या फंक्शनमध्ये हे तीन प्रकार "सोयीसाठी" दोन केले होते. सत्तर वर्षं लोक ज्यावर भांडले, तो फरक मी एका ओळीत पुसून टाकला!

दुरुस्ती चार ओळींची झाली. ती टाकल्यावर काही प्रोग्राम थोडे हळू झाले, तेव्हा रोज लागणाऱ्या ऑपरेशन्सच्या याद्या एकेक करून भरतोय. कंटाळवाणं काम आहे, पण दुसरा इलाज नाही. आणि हो, आता रांगेतून दोन आकडे निघतात. :)

असो. चहा टाकायचाय. आधी फ्रिज उघडून बघतो.