निजामाच्या खाणीचा शेअर आणि ३१ लाख कोटींचं गणित

४ जून २०२४. लोकसभेचा निकाल लागला त्या दिवशी सेन्सेक्स ४,३८९ अंकांनी पडला आणि 'गुंतवणूकदारांचे ३१ लाख कोटी बुडाले' अशा बातम्या आल्या. नांदेडच्या मोंढ्यात काय अन् लातूरच्या आडतीवर काय, मी एकच प्रश्न ऐकला: एवढे पैसे गेले कुणाच्या घरात?

कुणाच्याच नाही. समजा लातूरच्या यार्डात आज सोयाबीनच्या पन्नास कट्ट्यांचा सौदा कालपेक्षा शंभर रुपये कमी भावाने झाला. त्या भावाने जिल्ह्यातल्या घराघरात थप्पी लावून ठेवलेलं सगळं सोयाबीन मोजा. कितीतरी कोटी 'बुडाले' की नाही? विकले मात्र पन्नासच कट्टे. शेअरचा शेवटचा भाव गुणिले कंपनीचे एकूण शेअर, यालाच मार्केट कॅप म्हणतात.

या गुणाकाराचा फटका आपल्या मुलखाला फार पूर्वी बसलाय. नांदेडचा शेतसारा निजामाच्या तिजोरीत जात होता तेव्हाची गोष्ट. १८८६ साली निजाम सरकारने वॉटसन आणि स्टुअर्ट या दोघांना राज्यातल्या खाणींचा मक्ता दिला. त्यांनी लंडनमध्ये हैदराबाद डेक्कन कंपनी काढली. भांडवल दहा लाख पौंड, म्हणजे १० पौंडांचे एक लाख शेअर. त्यातले ८५ हजार मक्तेदारांनी मक्त्याच्या बदल्यात स्वतःकडेच ठेवले. लोकांसाठी उरले फक्त १५ हजार. त्यांची पूर्ण रक्कम जमा झाली असती तरी दीड लाख पौंडच.

पण भाव ठरणार या थोडक्या शेअरांवर, आणि तो लागू होणार एक लाखावर! शेअर १२ पौंडांवर गेला की कागदावर कंपनी बारा लाखांची.

त्याच १२ पौंडांच्या भावाने हैदराबाद सरकारसाठी शेअर विकत घेतले सरदार अब्दुल हक यांनी. सरकारला वाटलं, माल खुल्या बाजारातला. निघाले ते हकसाहेबांच्याच वाट्याचे! १८८८ साली ब्रिटिश पार्लमेंटच्या समितीपुढे हे सगळं उघडं पडलं.

खाण मात्र खोटी नव्हती, हे सांगायलाच पाहिजे. सिंगरेणीचा कोळसा याच कंपनीने काढला. खोटा होता तो भाव.

सेन्सेक्स १९८६ ला सुरू झाला, १९७८-७९ चा आधार १०० धरून. त्यातल्या ३० कंपन्यांचं वजन आधी सगळ्या शेअरांवरून ठरायचं. १ सप्टेंबर २००३ पासून मालकांनी धरून ठेवलेले शेअर वगळून, बाजारात फिरू शकणारेच मोजतात. याला फ्री फ्लोट म्हणतात. म्हणजे वॉटसन-स्टुअर्टचे ८५ हजार आज निर्देशांकात धरलेच नसते. बातमीतले ३१ लाख कोटी मात्र सगळे शेअर धरूनच काढलेले असतात.

आता आपल्याकडची पोरं मोबाईलवर शेअर घेतात, ग्रुपवर 'रोज अप्पर सर्किट' असे मेसेज फिरतात. अशा कंपनीचा शेअरहोल्डिंग पॅटर्न एक्सचेंजच्या साइटवर फुकट दिसतो. मालकाकडे किती, लोकांकडे किती आणि दिवसाला किती शेअर हलतात, एवढं बघायला दोन मिनिटं लागतात. किमान २५ टक्के शेअर लोकांकडे असावेत असा नियम आहे, पण नवीन कंपन्यांना त्यासाठी मुदत मिळते. त्या मुदतीत भाव फार थोड्या शेअरांवर ठरू शकतो.

आणि सिंगरेणी? आज ती ५१ टक्के तेलंगणा सरकारची, ४९ टक्के केंद्राची. शेअर बाजारात ती नाहीच.