शशिकलाताई काकोडकर : कूळ, मुंडकार आणि मातृभाषा

रत्नागिरी जिल्ह्यांतील पोफळी हें गांव आज कोयनेच्या वीजगृहामुळें सर्वपरिचित आहे. परंतु कुंभार्ली घाटाच्या पायथ्याच्या या मुलखाचा जुना इतिहास म्हणजे खोत आणि कूळ यांच्या संबंधांचा इतिहास होय. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं १९३७ सालीं मुंबई विधिमंडळांत खोती नष्ट करण्याचें विधेयक मांडलें. अखेर १९४९ च्या कायद्यानें खोती संपली. त्याच कोंकणपट्टीच्या दक्षिणेस, तेरेखोल नदीपलीकडे, पोर्तुगीज अंमल १९६१ पर्यंत टिकला. तेथील कुळास जमिनीच्या मालकीसाठीं पाव शतकाहून अधिक काळ वाट पाहावी लागली. ती प्रतीक्षा ज्यांच्या कारकीर्दींत संपली, त्या मुख्यमंत्री शशिकलाताई काकोडकर यांचें राजकीय जीवन म्हणूनच कोंकणांतील श्रोत्यांस परकें वाटूं नये.

शशिकलाताईंचा जन्म ७ जानेवारी १९३५ रोजीं झाला. वडील दयानंद बांदोडकर हे खाण-व्यवसायांतून पुढें आलेले लोकनेते. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या बळावर १९६३ सालीं ते गोवा, दमण व दीव या प्रदेशाचे पहिले मुख्यमंत्री झाले. गोवा महाराष्ट्रांत विलीन व्हावा हा त्या पक्षाचा मूळ संकल्प. पण १६ जानेवारी १९६७ च्या जनमतकौलांत तो ३४,०२१ मतांनीं नाकारला गेला. संकल्प हरला, तरी पक्ष टिकला. कारण त्याच्यामागें कुळांचा व कष्टकऱ्यांचा समाज उभा होता. त्याच वर्षीं शशिकलाताई विधानसभेवर निवडून आल्या, आणि १९७२ च्या निवडणुकीनंतर त्यांना राज्यमंत्रिपद मिळालें.

१२ ऑगस्ट १९७३ रोजीं बांदोडकरांचें आकस्मिक निधन झालें आणि राज्यशकटाची धुरा कन्येच्या हातीं आली. वडिलांच्या पुण्याईवर खुर्ची मिळाली, असें त्या वेळीं म्हटलें गेलें. त्यांत तथ्य होतें. परंतु खुर्ची वारशानें मिळाली तरी तिच्यावरून करावयाचें काम वारशानें होत नाहीं. पित्याच्या राजवटींत १९६४ सालीं कूळ कायदा झाला होता. त्यानें कुळास संरक्षण दिलें, मालकी दिली नाहीं. उरलेलें पाऊल कन्येनें टाकलें.

१९७५ च्या मुंडकार कायद्यानें पहिला प्रश्न हाताळला. मुंडकार म्हणजे भाटकाराच्या जमिनींत घर बांधून राहणारा मनुष्य. भिंती त्याच्या, पण भिंतींखालची भूमि परक्याची. भाटकाराची मर्जी फिरली कीं चूल उचलावी लागे. या कायद्यानें त्यास घरांतून हुसकण्यापासून संरक्षण दिलें, आणि घर व लगतची जागा विकत घेण्याचा मार्ग मोकळा केला. पाठोपाठ १९७६ सालीं कूळ कायद्यांतील पांचव्या दुरुस्तीनें, ठराविक किंमत देऊन, कसणारें कूळच जमिनीचें मालक मानलें गेलें. जमीनदारांनीं न्यायालयाचे दरवाजे ठोठावले. कागदावरचा हक्क जमिनीच्या नोंदींत येण्यास कित्येकांना दीर्घ काळ लागला. तथापि जमीन कोणाची, या प्रश्नाचें उत्तर मात्र कायमचें बदललें.

१९७७ च्या निवडणुकींत त्यांनीं स्वतःच्या नेतृत्वाखालीं पक्षास पुन्हां सत्तेवर आणलें. वारशाच्या आक्षेपास मतदारांनीं दिलेलें हें उत्तर होतें. मात्र तीस सभासदांच्या सभागृहांत दोनचार जणांचें पारडें फिरलें, तरी मंत्रिमंडळ कोसळे. स्वपक्षांतील फूट वाढली आणि एप्रिल १९७९ मध्यें सरकार पडून राष्ट्रपतींची राजवट आली. पुढच्या निवडणुकींत पक्षाचा पराभव झाला. ताई काँग्रेसमध्यें गेल्या, तेथून बाहेर पडल्या, आणि कालांतरानें मूळ पक्षांत परतल्या. या येरझाऱ्यांनीं त्यांच्या नांवाचें तेज कांहींसें झांकोळलें, हें मान्य केलें पाहिजे.

१९९० सालीं शिक्षणमंत्री म्हणून त्यांनीं आपला दुसरा मोठा निर्णय घेतला. प्राथमिक शिक्षण मराठी किंवा कोंकणी माध्यमांतून देणाऱ्या शाळांनाच सरकारी अनुदान मिळेल, असें ठरलें. अनेक इंग्रजी शाळांस माध्यम बदलावें लागलें. मातृभाषेंतून मुलाची समज वाढते, असें समर्थकांचें म्हणणें. गरीबाच्या मुलास इंग्रजीपासून दूर ठेवलें जातें, असा विरोधकांचा आक्षेप. हा वाद मिटला नाहीं. २०११ सालीं इंग्रजी शाळांनाही अनुदान देण्याचें ठरलें, तेव्हां पंचाहत्तरी ओलांडलेल्या ताई भारतीय भाषा सुरक्षा मंचाच्या अग्रभागीं उभ्या राहिल्या.

२८ ऑक्टोबर २०१६ रोजीं त्यांचें निधन झालें. गोव्याच्या मुख्यमंत्रिपदीं पोंचलेल्या त्या पहिल्या महिला. परंतु त्यांची खरी थोरवी त्या पहिलेपणांत शोधूं नये. भाषेच्या प्रश्नावर त्यांच्याशीं मतभेद असणारें कुटुंबही आज गोव्यांत स्वतःच्या मालकीच्या जमिनीवर निर्धास्त निजत असेल. मतभेदांच्या पलीकडे पोंचणारें असें काम फारच थोड्या राज्यकर्त्यांच्या हातून घडतें.