लॅमिंग्टन रोडचा आवाज

मामांना गिटार धरताही येत नसे. ते रेडिओ दुरुस्त करायचे. तरीही साठच्या दशकाच्या अखेरच्या मुंबईतल्या बीट ग्रुपांची गोष्ट मला पहिल्यांदा कळली ती त्यांच्याकडूनच.

परदेशी अ‍ॅम्प्लिफायर आणणं त्या काळी सामान्य पोराच्या आवाक्याबाहेरचं. आयातीवर बंधनं, आणि खिशात पैसा नाही. मग पोरं मामांकडे यायची. लॅमिंग्टन रोडच्या बाजारातून व्हॉल्व्ह, कंडेन्सर आणायचे, ट्रान्सफॉर्मर हातानं गुंडाळून घ्यायचा, प्लायवूडची पेटी ठोकून वर काळं रेक्झिन चढवायचं. घरघर फार झाली तर अर्थिंगची वायर नळाच्या पाइपाला बांधायची. एकदा स्पीकरचा कागद फाटला. मामा बदलायला निघाले, तर गिटारवाल्या पोरानं त्यांचा हात धरला. त्याला तो चिरका, फाटका आवाजच हवा होता. “मला वाटलं पोर वेडं झालंय,” मामा सांगायचे, “पण महिन्याभरात दुसरा एक जण आला आणि म्हणाला, त्याच्यासारखंच करून द्या.”

हल्ली जगभरचे संग्राहक जे ‘गॅरेज रॉक’ म्हणून शोधतात, ते संगीत आपल्याकडे असं तयार झालं. गाणी बहुतेक विलायती, ऐकून उचललेली. पण आवाज इथला होता, आणि माझ्या लेखी त्याचं मोल तिथेच आहे.

‘सिमला’ सिगारेटच्या नावानं बीट कॉन्टेस्ट सुरू झाली आणि या पोरांना अखेर मोठं स्टेज मिळालं. षण्मुखानंद सभागृहात देशभरचे ग्रुप उतरायचे. शिलाँगचे फेन्टोन्स आले, कलकत्त्याचे ग्रेट बेअर आले. १९७० आणि १९७१च्या स्पर्धांच्या एल.पी. निघाल्या, म्हणून एवढं तरी टिकलं. बाकीच्या कित्येकांची एक ओळही रेकॉर्ड झाली नाही. कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’ क्लबमध्ये १९७२ साली लेड झेपेलिनचे पेज आणि प्लांट येऊन वाजवून गेले. ते ऐकल्याचा दावा करणारे इतके भेटतात की ती एवढीशी जागा त्यांना पुरली कशी, असं मामांना वाटे.

मावशीची आठवण वेगळी. तिला ठाऊक होते ते नंदू भेंडे. आत्माराम भेंडे आणि आशा भेंडे यांचा मुलगा, म्हणजे घरात मराठी नाटक सतत चालू. तो मुलगा ‘व्हेल्व्हेट फॉग’सारख्या बँडमध्ये इंग्रजी गात होता. १९७४मध्ये अ‍ॅलेक पदमसींच्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’मध्ये तो ज्यूडास झाला आणि ‘अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट’ या बँडचे गायक मधुकर धस जीझस.

मग हे सगळं ओसरलं. का, यावर मामा-मावशीचं कधी जमलं नाही. मामा म्हणायचे, डिस्को आला. एक माणूस रेकॉर्ड लावून पाच वादकांचं काम करू लागला, मग हॉटेलवाला पाच जणांना कशाला पोसेल? मावशी म्हणायची, पोरांना नोकऱ्या लागल्या, लग्नं झाली, कुणी परदेशी गेलं. मला मामांचं जास्त पटतं. नोकरी सांभाळून शनिवारी वाजवता येतं, पण वाजवायची जागाच उरली नाही तर काय करणार? ‘अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट’ची ‘ऑब्सेशन ७७’ ही रेकॉर्ड निघाली होती. पुढे २०११मध्ये अमेरिकेतल्या एका कंपनीनं त्यांचं संगीत पुन्हा काढलं, आणि इथल्या कित्येकांना तेव्हा ते नाव कळलं. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पण बँड मोडले म्हणून सगळं संपलं, असं मात्र नाही. १९७८मध्ये थिएटर अ‍ॅकॅडमीनं पु. ल. देशपांड्यांचं ‘तीन पैशाचा तमाशा’ आणलं, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं. त्यात अंकुशच्या भूमिकेत होते नंदू भेंडे. संगीतातही त्यांचा हात होता. नाट्यसंगीतावर वाढलेल्या मावशीला रंगमंचावर मराठी शब्द रॉकच्या ठेक्यात ऐकू आले, आणि ती पुढे दोन वेळा तिकीट काढून गेली. मामांना तिनं ओढून नेलं. नाटक कसं वाटलं, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. मध्यंतरात ते स्पीकर कुणी बसवलेत याची चौकशी करत होते.