चुलीपर्यंत पोचणारं पथ्य

राजगडाच्या पाली दरवाज्याखालचं पाली हे माझं माहेर. गडावर जाणाऱ्यांना ते वाटेवरचं गाव म्हणून ठाऊक असतं. माझ्या लहानपणी तिथं जे पिकेल ते खायचं, एवढाच आहाराचा विचार होता. खाचरात भात, डोंगरउतारावर नाचणी आणि वरई. पोळी सणावाराला. आजाऱ्याला पेज. अशा गावातली मी पुढे आहारतज्ज्ञ झाले. ही विद्या रुग्णालयात कशी आली आणि ती रुग्णाच्या खाटेपाशीच का शिकावी लागते, याविषयी आज थोडं बोलणार आहे.

पथ्य आपल्याला नवं नाही. पण रुग्णालयात त्यासाठी वेगळा, शिकलेला माणूस असावा, ही कल्पना तशी अलीकडची. क्रिमियाच्या युद्धात जखमी सैनिकांच्या अन्नाची आबाळ फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी पाहिली. १८५९ साली त्यांनी शुश्रूषेवर पुस्तक लिहिलं, त्यात रुग्णाच्या खाण्यावर स्वतंत्र प्रकरणं घातली. पुढे कितीतरी वर्षं हे काम परिचारिकांकडेच राहिलं.

चित्र पालटलं ते विसाव्या शतकात. १९१७ साली अमेरिकेत आहारतज्ज्ञांची संघटना उभी राहिली. १९२२ साली मधुमेहाच्या रुग्णाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं गेलं आणि नवाच प्रश्न पुढे आला. औषधाची मात्रा आणि ताटातलं अन्न यांचा मेळ बसला नाही, तर औषधच जिवावर बेतू शकतं. मग अन्न मोजून-मापून देणारं माणूस हवं झालं. १९२४ साली एडिंबरोच्या रॉयल इन्फर्मरीत रूथ पायबस या सिस्टरांनी आहारविभागाचं काम सुरू केलं. ब्रिटनमधल्या त्या पहिल्या आहारतज्ज्ञ. १९२७ साली अमेरिकन संघटनेनं नियम घातला, की पदवीनंतर किमान सहा महिने रुग्णालयात, जाणत्याच्या हाताखाली काम केलं पाहिजे. आपल्याकडची इंटर्नशिप याच वळणाची.

भारतात या शास्त्राचा पाया कुन्नूरला घातला गेला. रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी तिथं आहारसंशोधन सुरू केलं. त्यांच्या मागून आलेल्या डॉ. आयक्रॉइड यांनी १९३७ साली भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांचे तक्ते प्रसिद्ध केले. ही प्रयोगशाळा १९५८ साली हैदराबादला गेली आणि १९६९ पासून राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. १९६०च्या दशकात इंडियन डायेटिक असोसिएशन स्थापन झाली. आपल्याकडे महर्षी कर्व्यांनी १९१६ साली काढलेल्या महिला विद्यापीठाच्या जुहूच्या गृहविज्ञान महाविद्यालयासारख्या संस्थांतून मुली आहारशास्त्र शिकून रुग्णालयांत जाऊ लागल्या.

मी अशीच पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात १९८४ साली इंटर्न म्हणून दाखल झाले. सुरुवात भटारखान्यातून. कोठीत धान्य तोलून घ्यायचं, शंभर माणसांच्या वरणात मीठ किती ते शिकायचं, जेवणानंतर ताटांत काय उरलं ते पाहायचं. उरलेलं ताट रुग्णाबद्दल बरंच सांगतं. मग वॉर्ड. मूत्रपिंडाच्या रुग्णाला नातेवाईक प्रेमानं शहाळं आणतात. पण त्यातलं पोटॅशियम त्याच्या हृदयाला घातक ठरू शकतं. हे मी पुस्तकात वाचलं होतं. पण नातेवाइकांच्या हातातलं शहाळं त्यांचं मन न दुखावता कसं थांबवायचं, ते मला आमच्या बाईंनी शिकवलं.

बाईंचा एक नियम होता. इंटर्ननं लिहिलेला आहाराचा कागद त्यांच्या सहीशिवाय रुग्णाच्या हाती पडता कामा नये. एका सोमवारी ओपीडीत गर्दी फार होती. मधुमेहाच्या गोळ्या नुकत्याच सुरू झालेले एक वयस्क गृहस्थ आले. गाव पाली! मला कोण आनंद झाला. घाईघाईनं कागद लिहिला: सकाळी दूध आणि दोन ब्रेड, दुपारी दोन पोळ्या, मधल्या वेळी सफरचंद. भात बंद. सही घ्यायची राहिली.

आठ दिवसांनी त्यांना बेशुद्ध अवस्थेत आणलं. रक्तातली साखर पार उतरली होती. ग्लुकोज दिल्यावर ते शुद्धीवर आले. गोळी त्यांनी नेमानं घेतली होती. भात बंद म्हणून भात सोडला. कागदावर भाकरीचं नाव नाही म्हणून भाकरीही सोडली. नुसत्या भाजीवर आणि चहावर राहून ते शेतात राबत होते. मी खाटेपाशी गेले तर म्हणाले, "आगं पोरी, पोळी काय रोज असती व्हय आपल्याकडं? तुला ठावं न्हाई?"

मला ठाऊक होतं. नाचणीच्या भाकरीवरच मी वाढले होते. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, हे परीक्षेत लिहून गुणही मिळवले होते. पण कागद लिहिताना पुस्तकातला छापील तक्ता हातून उतरला, माहेर उतरलं नाही.

बाई रागावल्या नाहीत. नवा कागद पुढे ठेवून म्हणाल्या, "आधी त्यांना विचार, चुलीवर काय शिजतं?" नाचणीची भाकरी किती, भात किती, कोणत्या वेळी, शेतावर जाताना बरोबर काय न्यायचं, सगळं त्यांच्याशी बोलून लिहिलं. मग बाईंनी सही केली.

आज रजिस्टर्ड डायेटिशियनच्या परीक्षेला बसण्यासाठी रुग्णालयातली इंटर्नशिप लागते. २०२१च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांच्या केंद्रीय कायद्यात आहारतज्ज्ञांचाही समावेश झाला. हे चांगलंच झालं. पण इंटर्नशिपचे महिने म्हणजे प्रमाणपत्रापुरती हजेरी, असं समजणाऱ्या मुली मला भेटतात, तेव्हा मी त्यांना हा किस्सा सांगते. त्या महिन्यांत तुमच्या चुका पकडणारं कोणीतरी शेजारी उभं असतं. पुढे ते नसतं.

ते गृहस्थ त्यानंतर बरीच वर्षं तपासणीला येत राहिले. येताना पिशवीत माझ्यासाठी नाचणीचं पीठ असायचं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)