संरक्षण संशोधनाला सरकारी पाठबळ : चंडीगडची प्रयोगशाळा ते नागपूरचा कारखाना

देशाच्या सुरक्षेसाठी लागणाऱ्या विज्ञान व तंत्रज्ञानाच्या संशोधनात केंद्र सरकारच्या पाठबळाचे स्वरूप चंडीगडमध्ये स्पष्टपणे पाहावयास मिळते. बाजारपेठ व कार्यालयांचा भाग असलेल्या सेक्टर ३४ पासून काही किलोमीटरच्या परिसरातच, सेक्टर ३० व सेक्टर ३७ मध्ये, या क्षेत्रातील तीन सरकारी संस्था कार्यरत आहेत.

तीन संस्था

संरक्षण संशोधन आणि विकास संघटना म्हणजेच डीआरडीओची स्थापना १९५८ मध्ये झाली. तिच्या अखत्यारीतील टर्मिनल बॅलिस्टिक्स रिसर्च लॅबोरेटरी ही प्रयोगशाळा १९६१ मध्ये स्थापन झाली. स्फोटके, दारूगोळा व चिलखती संरक्षण यांच्या चाचण्या हे तिचे मुख्य कार्य असून हरियाणातील रामगड येथे तिचे चाचणी क्षेत्र आहे. १८ मे १९७४ रोजी पोखरण येथे झालेल्या पहिल्या अणुचाचणीसाठी लागणाऱ्या स्फोटक घटकांच्या कामात या प्रयोगशाळेबरोबरच पुण्यातील स्फोटक संशोधन प्रयोगशाळेचाही वाटा होता. वामन दत्तात्रेय पटवर्धन हे पुण्याच्या प्रयोगशाळेचे पहिले संचालक होते.

हिम व हिमस्खलन अभ्यास संस्था २०२० मध्ये दिल्लीतील एका प्रयोगशाळेत विलीन करण्यात येऊन संरक्षण भू-माहितीशास्त्र संशोधन संस्था अस्तित्वात आली. हिमालयातील हिमकडे कोसळण्याच्या धोक्याचा पूर्वअंदाज वर्तवण्याचे काम ही संस्था करते. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचिनमध्ये लष्कराची चौकी बर्फाखाली गाडली जाऊन १० जवानांना प्राण गमवावे लागले. त्यांत सातारा जिल्ह्यातील एका जवानाचा समावेश होता. या संशोधनाची निकड अशा घटनांतून अधोरेखित होते.

केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटना १९६२ मध्ये दिल्लीहून चंडीगडला आली. तेजस या लढाऊ विमानाच्या वैमानिकासमोर उड्डाणाची माहिती दाखवणारे उपकरण या संस्थेने विकसित केले.

हातबॉम्बचे उदाहरण

प्रयोगशाळेतील संशोधन जवानांच्या हाती पडेपर्यंतचा मार्ग दीर्घ असतो. चंडीगडच्या टर्मिनल बॅलिस्टिक्स प्रयोगशाळेने विकसित केलेला बहुपर्यायी हातबॉम्ब हे त्याचे उदाहरण होय. बाह्य आवरण लावल्यास त्याचे तुकडे विखुरतात आणि आडोशाला असलेला जवान तो बचावासाठी वापरू शकतो. आवरण काढल्यास केवळ स्फोटाचा दणका बसतो व तो चढाईत उपयोगी पडतो. पहिल्या महायुद्धकालीन रचनेवर आधारित हातबॉम्बची जागा घेण्यासाठी त्याची निर्मिती करण्यात आली.

हे तंत्रज्ञान २०१६ मध्ये नागपूरच्या इकॉनॉमिक एक्सप्लोझिव्ह्ज या खासगी कंपनीला देण्यात आले. २०१७-१८ मध्ये मैदानी प्रदेश, वाळवंट व अतिउंच भागांत चाचण्या पार पडल्या. १ ऑक्टोबर २०२० रोजी १० लाख हातबॉम्बसाठी सुमारे ४०९ कोटी रुपयांचा करार झाला. पहिली खेप २४ ऑगस्ट २०२१ रोजी नागपूर येथे संरक्षणमंत्री राजनाथ सिंह व तत्कालीन लष्करप्रमुख यांच्या उपस्थितीत लष्कराकडे सोपवण्यात आली. तंत्रज्ञान हस्तांतरणानंतरही त्यासाठी पाच वर्षांचा कालावधी लागला.

निधी व उद्योगांचा सहभाग

डीआरडीओसाठी २०२४-२५ च्या अर्थसंकल्पात २३ हजार ८५५ कोटी, तर २०२५-२६ मध्ये २६ हजार ८१६ कोटी रुपयांची तरतूद करण्यात आली. २०२५-२६ ची रक्कम एकूण संरक्षण तरतुदीच्या सुमारे चार टक्के होती. संरक्षण संशोधनाच्या निधीपैकी २५ टक्के वाटा उद्योग, नवउद्योग व शिक्षणसंस्थांसाठी खुला करण्याची घोषणा २०२२-२३ च्या अर्थसंकल्पात झाली. तंत्रज्ञान विकास निधीतून मिळणाऱ्या अनुदानाची मर्यादाही २०२२ मध्ये प्रतिप्रकल्प १० कोटींवरून ५० कोटी रुपये करण्यात आली.

मात्र केवळ निधी पुरेसा ठरत नाही, हे हातबॉम्बच्या उदाहरणावरून दिसून येते. चाचणीची सोय, सक्षम उत्पादक आणि वेळेवर निघालेली लष्कराची मागणी हे तिन्ही दुवे जुळले, तरच संशोधनाचा लाभ सीमेवरील जवानापर्यंत पोहोचतो.