खाणढिगांवरील वनीकरण
खाणीबाहेर टाकलेल्या निर्जीव माती-दगडांच्या ढिगांत झाडे व सूक्ष्मजीव यांच्या साहाय्याने सुपीकता आणण्याची पद्धत. भिलाईसारख्या पोलाद कारखान्यांना लागणारे मँगनीज नागपूर जिल्ह्यातही निघते. तेथील गुमगाव खाणीच्या ढिगांवर नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने ही पद्धत वापरली. अशा ढिगांत सेंद्रिय द्रव्य व नत्र नगण्य असते, त्यामुळे नुसती रोपे लावून भागत नाही. साखर कारखान्यातील मळी (प्रेसमड) मिसळून रायझोबियम व अ‍ॅझोटोबॅक्टर हे नत्र स्थिर करणारे जीवाणू आणि मुळांशी सहजीवन करणारी कवके दिली गेली. मग वृक्ष रुजले. उघड्या ढिगांवरून उडणारी मँगनीजची धूळ दीर्घकाळ श्वासावाटे गेल्यास मज्जासंस्थेला इजा होते. म्हणून मुळांनी ढीग बांधला जाऊन धूळ रोखली जाणे हाच या पद्धतीचा सर्वांत मोलाचा लाभ होय.